झाकली मूठ आणि उघडा हात : गावोगावच्या औषधी-ज्ञानाचे जतन

विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा आली आहे. राजगृहाच्या उकिरड्यावर टाकून दिलेल्या या बालकाला अभय राजकुमाराने वाढवले. मोठा झाल्यावर जीवक वैद्यकविद्या शिकण्यासाठी तक्षशिलेस गेला. सात वर्षे अध्ययन करूनही विद्येचा अंत दिसेना, तेव्हा हे शिक्षण पूर्ण केव्हा होणार, असे त्याने आचार्यांना विचारले. आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि तक्षशिलेच्या सभोवार एक योजन फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले. जीवक सर्वत्र फिरला आणि रिकाम्या हातांनी परतला. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला आढळली नव्हती. तीच त्याची परीक्षा होती आणि तो तीत उत्तीर्ण झाला.

हीच परीक्षा आज वढू बुद्रुकच्या शिवारात घेतली तर काय होईल? भीमेच्या काठचे हे गाव पर्जन्यछायेतील शिरूर तालुक्यात वसले आहे. येथील बांधांवर, ओढ्याकाठी आणि पडीक माळावर कडुनिंब, बाभूळ, निरगुडी, गुळवेल, आघाडा, माका, टाकळा, तरवड, सराटा, रुई अशा कितीतरी वनस्पती उगवतात. आपल्या विद्यार्थ्याच्या हाती कुदळ दिली, तर तो बहुधा पाटीभर झाडोरा घेऊन परत येईल. त्या वनस्पती निरुपयोगी आहेत म्हणून नव्हे, तर त्यांची नावे त्याला ठाऊक नाहीत म्हणून. त्याच्या आजीला ती ठाऊक होती. आजी आणि नातू यांच्यामधील दोन पिढ्यांत हे ज्ञान कोठे गळाले, आणि जे उरले आहे ते कसे राखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मूठ का झाकली गेली?

खेड्यापाड्यांत एक समजूत सर्वत्र आढळते : औषधाचे नाव सांगितले की त्याचा गुण जातो. त्यामुळे जाणता माणूस पाला वाटून देतो, पण तो कशाचा आहे हे सांगत नाही. मरणापूर्वी एखाद्या मुलाला वा सुनेला ते सांगायचे, एवढीच परंपरा. मुलगा नोकरीसाठी पुण्यास किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत गेला, सुनेला विचारावयास सवड झाली नाही, की ती साखळी तुटते.

या समजुतीला केवळ अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणे योग्य होणार नाही. तिच्यामागे व्यवहार होता. वैदू समाजाच्या माणसाचे पोट त्याच्या झोळीतील मुळ्यांवर चालत असे. ते गुपित उघडे केल्यावर त्याला कोण विचारणार? वनस्पतीचे ठिकाण सर्वांना कळले तर ती मुळासकट उपटली जाण्याची भीती असे. अर्धवट माहितीने कोणी विषारी मात्रा घेतली, तर दोष सांगणाऱ्यावर येई. शिवाय ठाकर, कातकरी, महादेव कोळी, धनगर, वैदू, गावोगावच्या सुइणी यांच्या ज्ञानाला प्रतिष्ठा अशी कधी मिळालीच नाही. ज्याच्या ज्ञानाचा मान राखला जात नाही, तो मूठ उघडण्यास का तयार व्हावा?

मराठीत म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. परंतु या मुठीची किंमत ती झाकणाऱ्याच्या आयुष्याइतकीच टिकते.

पाली वाङ्मयातही या मुठीचा उल्लेख आहे. तिला ‘आचरियमुट्ठि’ म्हणजे आचार्याची मूठ असे म्हटले आहे. शिष्यापासून राखून ठेवलेले, अंतसमयीच एखाद्या आवडत्याला सांगावयाचे ज्ञान, असा तिचा अर्थ. महापरिनिब्बान सुत्तात वेळुवगामातील आजारपणानंतर तथागतांनी आनंदाला स्पष्ट केले, की आपला धम्म आतले आणि बाहेरचे असा भेद न करता सांगितलेला आहे आणि आपल्यापाशी अशी मूठ नाही. हे वचन धम्माविषयी आहे, औषधाविषयी नव्हे. परंतु औषधांच्या बाबतीतही संघाची रीत तशीच दिसते. महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात भिक्खूंनी कोणती औषधे बाळगावीत याची उघड यादी आहे. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, वाळा, नागरमोथा. पानांमध्ये कडुनिंब आणि तुळस. फळांमध्ये पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा. ही यादी कोणत्याही मराठी घराला परकी वाटणार नाही. पुढे सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याचे कोरून ठेवले. जतन आणि वाटप ही दोन्ही कामे त्या लेखात एकत्र आली आहेत.

उघड्यावरील ज्ञान आणि त्याची चोरी

मग सर्व काही उघड करून टाकावे, एवढेच उत्तर पुरेसे आहे काय? या यादीतील हळद आणि कडुनिंब यांच्यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे गुदरले, ते पाहता हे उत्तर अपुरे ठरते.

जखमेवर हळद दाबणे हे आपल्याकडे वैद्यक मानलेच जात नाही, इतके ते घरगुती आहे. परंतु मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ५४०१५०४. पेटंट म्हणजे नव्या शोधावर ठरावीक काळापुरता दिलेला एकाधिकार. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. तेव्हा परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, त्यापूर्वी ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

या लढ्यातील अडचण समजून घेण्याजोगी आहे. अमेरिकेच्या तत्कालीन कायद्यानुसार परदेशातील नुसता वापर किंवा तोंडी परंपरा हा पुरावा धरला जात नसे. परदेशातील पूर्वज्ञान छापील स्वरूपात दाखवावे लागे. कोट्यवधी आज्यांचा अनुभव तेथे शून्य होता. परिषदेने संस्कृत, हिंदी, उर्दू आदी भाषांतील ग्रंथांचे बत्तीस संदर्भ आणि १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध सादर केला. १९९७ मध्ये पेटंटमधील दावे फेटाळले गेले. हळद वाचली ती आपण ती वापरत होतो म्हणून नव्हे, तर कोणीतरी ते कागदावर लिहून ठेवले होते म्हणून.

कडुनिंबाची कथा आपल्या जिल्ह्याशी अधिक जवळून निगडित आहे. कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीचे पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना दिले. डॉ. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गट आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी त्यास हरकत घेतली. युरोपीय कायद्यात मात्र छापील कागदाबरोबर प्रत्यक्ष वापराचाही पुरावा चालतो. महाराष्ट्रातील एका उद्योजकाने पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर १९८५ आणि १९८६ मध्ये घेतलेल्या चाचण्यांची साक्ष तेथे दिली आणि ती निर्णायक ठरली. २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले. केव्हा, कोठे, कोणी आणि कसे केले हे सांगता आले, म्हणूनच आपल्या जिल्ह्यातील शेतावरचा अनुभव म्युनिकमधील कार्यालयात टिकला.

ग्रंथात नसलेल्यांचे काय?

या अनुभवातून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे एक अंकीय ग्रंथालय उभे करण्यात आले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आदी पद्धतींच्या ग्रंथांतील चार लाखांहून अधिक योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी आणि स्पॅनिश भाषांत मांडून ते पेटंट तपासणाऱ्यांच्या हाती देण्यात आले. हे कार्य मोठे आहे. परंतु त्याचा आधार ग्रंथ हाच आहे. ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांचे ज्ञान ग्रंथात येणार तरी कसे? सुइणीने, वैदूने, कातकऱ्याने जे जाणले ते संस्कृत पोथीत नाही. अक्षराच्या बंदीने त्यांचे एकदा नुकसान केले. आता पुरावा म्हणून अक्षरच मागितले गेल्याने तेच नुकसान दुसऱ्यांदा होण्याचा धोका आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षणाचा आग्रह का धरला, याचे हे एक कमी बोलले जाणारे उत्तर आहे. ज्याला लिहिता येते त्याची स्मृती टिकते.

वढूच्या भूमीला हा प्रश्न परका नाही. येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे आणि गोविंद गोपाळ महार यांचीही समाधी आहे. इतिहासात कोणाचे नाव राहते आणि कोणाचे पुसट होते, हे या गावाला ठाऊक आहे. औषधी-ज्ञानाच्या नोंदीतही सांगणाऱ्याचे नाव राहिले पाहिजे.

नाव राहिले तर काय घडू शकते, याचे उदाहरण केरळमध्ये आहे. १९८७ मध्ये तेथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाचे शास्त्रज्ञ अगस्त्य पर्वतरांगेत हिंडत असता, सोबतचे काणी आदिवासी वाटाडे एक लहानसे फळ खाऊन न थकता चालत असल्याचे त्यांनी पाहिले. ती वनस्पती म्हणजे आरोग्यपच्च. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले आणि मिळालेल्या मोबदल्यातील निम्मा वाटा काणींच्या न्यासाला देण्याचे ठरले. या व्यवहारात पुढे अडचणीही आल्या. वनस्पती वनात, वन शासनाच्या ताब्यात, त्यामुळे तोडणीचा प्रश्न उभा राहिला. तरीही ज्ञान देणाऱ्याचा वाटा मान्य झाला, हे महत्त्वाचे.

उलट बाजू सह्याद्रीतच दिसते. भीमेच्या उगमाकडे, भीमाशंकरच्या अरण्यात नरक्या नावाचा वृक्ष आहे. त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असल्याचे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. कर्करोगावरील औषधे त्यापासून तयार होतात. पुढे मागणी वाढली आणि सह्याद्रीत ठिकठिकाणी नरक्याची बेसुमार तोड झाली. केवळ माहिती पसरली आणि राखण झाली नाही, की वनस्पतीच उरत नाही. आपल्या शिवारातही उसाच्या फडात आणि बांधावर तणनाशक फवारले जाते तेव्हा माका, आघाडा, टाकळा जळून जातात. बांध राखला नाही तर वहीतील नोंद कोरडीच राहील.

वाटण्यापूर्वी पारखणे

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले, की परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नये. स्वतः पारखून घ्यावे. औषधाच्या बाबतीत हा उपदेश जिवाशी निगडित आहे. लोकज्ञानातील सर्वच गोष्टी खऱ्या नसतात, आणि हे मान्य केल्याने त्या ज्ञानाचा अपमान होत नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर कोणतीही मुळी उतारा नाही. सर्पविषरोधक लस हाच उपाय, आणि पाला शोधण्यात गेलेला एकेक क्षण जिवावर बेतू शकतो. कावीळ, मधुमेह, लहान मुलांचा ताप यांतही घरच्या उपायावर विसंबून दवाखाना टाळू नये. धोतरा, बचनाग, गुंजेचे बी, रुईचा चीक ही द्रव्ये विषारी आहेत. पुन्हा नावांचा घोटाळा आहेच. ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने दोन वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हणून शंका असेल तेव्हा नमुना वाळवून पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण किंवा आघारकर संशोधन संस्था येथील जाणकारांकडून ओळखून घेणे श्रेयस्कर.

पारखलेले ज्ञान किती दूर जाते, हे अडुळशावरून कळते. खोकल्यावरील या घरगुती झुडपातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या आधारे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध सिद्ध झाले. आज ते जगभर दिले जाते. आणि पारखून वाटणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दिला. कोकणात विंचूदंशाने माणसे दगावत असता त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून बारकाईने नोंदी ठेवल्या, रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यावर उपयोगी ठरते हे दाखवले आणि १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून ते सर्वांसमोर मांडले. औषध वनस्पतीचे नव्हते. पण रीत तीच होती, निरीक्षण करणे, लिहिणे, पारखणे आणि खुले करणे.

नोंदवहीचा पाठ

जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. या नोंदवहीची कल्पना मूळ पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात रुजवली. वनहक्क कायदा २००६ ने वनवासी समूहांचा पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्क मान्य केला. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (पी) अन्वये पारंपरिक ज्ञानावर पेटंट देता येत नाही. कायदे आहेत, गावाची वही भरण्याचे काम मात्र गावालाच करावे लागेल. आपल्या ग्रामपंचायतीची नोंदवही पाहावी. ती घाईने भरलेली आढळली, तर रागावण्यापेक्षा तीत खरी माहिती घालणे अधिक उपयोगाचे.

नोंद कशी करावी, हे एका नमुन्यावरून पाहू.

वनस्पती : अडुळसा. शास्त्रीय नाव : जस्टिशिया अधाटोडा. कोठे आढळते : परसात, कुंपणाला. वापरावयाचा भाग : पाने. कोणत्या त्रासावर : कफाचा खोकला. कृती आणि प्रमाण : सांगणाऱ्याच्याच शब्दांत. सावधगिरी : गरोदरपणी वर्ज्य, खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास क्षयाची तपासणी करावी. पारख : सांगणाऱ्याने स्वतः वापरले की केवळ ऐकले? सांगणाऱ्याचे नाव, गाव, दिनांक. संमती : प्रसिद्ध करण्यास आहे किंवा नाही.

यातील शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. मुक्त वाटप म्हणजे मालकाला न विचारता केलेले वाटप नव्हे. छापून प्रसिद्ध केलेल्या ज्ञानावर दुसरा कोणी पेटंट घेण्याचा मार्ग बंद होतो, पण त्या ज्ञानाचा मोबदलाही सहसा मागता येत नाही. म्हणून दोन प्रकार वेगळे ठेवावेत. हळद, अडुळसा, निरगुडी यांसारखे जे घराघरांत आहे ते निःसंकोच छापावे. जे एखाद्या वैदू कुटुंबाचे किंवा आदिवासी पाड्याचे विशेष ज्ञान आहे, ते लिहून त्यांच्याच हाती द्यावे आणि उघड करावे किंवा नाही याचा निर्णय त्यांनाच करू द्यावा. त्यांनी मूठ झाकली तर तो त्यांचा हक्क होय. आपले काम एवढेच, की ती मूठ विस्मरणाने रिकामी होऊ नये.

या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना येथे एक विनंती करावीशी वाटते. वसतिगृहातील मुले अनेक गावांतून आलेली असतात आणि सुटीत ती त्या गावांस परत जातात. प्रत्येकाने पुढील सुटीत आपल्या घरातील एका वृद्ध व्यक्तीजवळ बसून एका वनस्पतीची नोंद वरील रीतीने करावी. एक प्रत घरी, एक ग्रामपंचायतीत, एक विद्यालयाच्या ग्रंथालयात. संमती असलेल्या नोंदी पुढील स्मरणिकेत छापता येतील. स्मरणिका हेही दिनांकित, छापील प्रकाशन असते. पेटंट कार्यालयापुढे असा कागदही साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. बत्तीस संदर्भांनी हळद सोडवली. त्यातला प्रत्येक संदर्भ कधीतरी कोणा एकाने, पुढे त्याचा काय उपयोग होईल हे ठाऊक नसताना, लिहून ठेवला होता.

आजीला विचारण्यास मात्र उशीर करू नये.